बंदरातील अर्धा तास

मुंबई पाहावयास आलेला प्रवासी समुद्र पाहतो तो बहुधा पश्चिमेच्या बाजूने. गिरगावच्या चौपाटीवरील वाळू, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर आदळणाऱ्या पावसाळी लाटा आणि संध्याकाळी पाण्यात बुडणारे सूर्यबिंब, एवढे पाहून झाले की आपल्याला समुद्राचे दर्शन घडले, असे त्याला वाटते. हे दर्शन रम्य असते यात शंका नाही. परंतु ते अपुरे असते. समुद्राची शोभा मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर दिसते, तर समुद्राचे काम तिच्या पूर्व किनाऱ्यावर चालते. हे शहर येथेच का वसले आणि एवढे का वाढले, हे समजून घ्यावयाचे असेल तर पूर्वेच्या बाजूस जावे, आणि तेही काठावर उभे न राहता पाण्यात शिरावे. त्यासाठी मोठा जलप्रवास करावा लागत नाही. गेटवे ऑफ इंडियापासून सुटणारी लाँच अर्ध्या तासात बंदरात एक फेरी मारून पुन्हा धक्क्यास लागते. त्या अर्ध्या तासात जे दिसते, ते डोळे उघडे ठेवून पाहिले तर भूगोलाचे आणि इतिहासाचे अनेक धडे एकत्र वाचल्यासारखे होते.

लाँच जेथून सुटते त्या धक्क्याचे जुने नाव पालवा बंदर. इंग्रजांच्या जिभेवर त्याचेच ‘अपोलो’ झाले, असे मानले जाते. येथील भव्य कमान सर्वांच्या परिचयाची आहे. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी डिसेंबर १९११ मध्ये येथे उतरली, त्या घटनेचे स्मारक म्हणून ती उभारण्यात आली. राजा आला तेव्हा मात्र ती अस्तित्वात नव्हती. जॉर्ज विटेट या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार पिवळसर बेसॉल्ट दगडात ती बांधण्यात आली आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी तिचे उद्घाटन झाले. शेजारचे ताजमहाल हॉटेल १९०३ साली सुरू झाले. म्हणजे ते या कमानीहून वयाने एकवीस वर्षांनी वडील आहे. समोरच्या बागेत छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. त्याचे अनावरण २६ जानेवारी १९६१ रोजी झाले.

लाँचची वाट पाहत असताना पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांकडे अवश्य पाहावे. ओहोटीच्या वेळी खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. त्यांच्यावर हिरवे शेवाळ माजलेले असते आणि दगडांना शिंपल्यांचे खडबडीत कवच चिकटलेले असते. काही तासांनी त्याच पायऱ्या दिसेनाशा होतात आणि वरच्या पायरीवर पाणी डुचमळू लागते. चंद्राच्या व सूर्याच्या आकर्षणाने समुद्राचे पाणी सुमारे सव्वासहा तास चढते आणि तितकाच वेळ उतरते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास भरती मोठी येते. तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते व कमी उतरते. त्याला कोळी लोक भांग म्हणतात. उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदरातील पाणी चार मीटरांहूनही अधिक वरखाली होते. म्हणूनच कोळ्याच्या घरी तारखेपेक्षा तिथीला महत्त्व असते. नाव केव्हा लोटावी आणि केव्हा काठाला लावावी, हे त्याला घड्याळ सांगत नाही, चंद्र सांगतो.

लाँच धक्क्यास लागली की ती क्षणभरही स्थिर राहत नाही. धक्का अचल असतो आणि लाँच लाटेबरोबर वरखाली होत असते. पाऊल कोणत्या क्षणी टाकावे, हे नवख्याला कळत नाही. खलाशी हात पुढे करतो आणि तो क्षण त्याला बरोबर साधतो. आत शिरताच लाकडाचा, तेलाचा आणि खाऱ्या वाऱ्याचा एक मिश्र वास येतो. खालच्या भागात लांब बाके असतात, वर छतावरही बसण्याची सोय असते. पुढच्या बाजूस सुकाणू धरून सारंग उभा असतो. लाँचवर त्याचा शब्द अखेरचा मानावयाचा. वर्गात जसे गुरुजी, तसा पाण्यावर सारंग. खलाशी प्रवाशांना लाइफ जॅकेट घालावयास लावतो, दोन्ही बाजूंस सारखी माणसे बसवतो आणि मग दोर सोडतो. इंजिनाची धडधड वाढते, पाण्यात पांढरा फेस उसळतो आणि धक्का हळूहळू मागे सरू लागतो.

पहिल्या काही मिनिटांतच एक गोष्ट ध्यानात येते. जमिनीवरून ज्या कमानीकडे आपण पाहिले, ती वस्तुतः पाण्याकडे तोंड करून उभी आहे. ती शहरातून समुद्राकडे जाणाऱ्यासाठी बांधलेली नाही. समुद्राकडून शहरात येणाऱ्यासाठी बांधलेली आहे. विमानाने परदेशी जाणे रूढ होण्यापूर्वी हिंदुस्थानात येणारे आणि येथून जाणारे असंख्य लोक याच बंदरातून ये-जा करीत. महात्मा गांधी ९ जानेवारी १९१५ रोजी दक्षिण आफ्रिकेचे कार्य आटोपून स्वदेशी परतले, ते येथेच पालवा बंदरावर उतरले. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री या पलटणीची तुकडी याच कमानीखालून चालत गेली आणि जहाजावर चढली. स्वतंत्र भारतातून निघालेली ती ब्रिटिशांची शेवटची फौज होती. ज्या दारातून राजाचे स्मरण आत यावयाचे, त्याच दारातून त्याची सत्ता बाहेर पडली.

लाँच थोडी दूर गेली की उत्तरेकडे नौदलाची गोदी दिसू लागते. राखाडी रंगाच्या युद्धनौका, त्यांचे उंच डोलखांब आणि गोदीतील अजस्र याऱ्या हे दृश्य पाहून मन अभिमानाने भरून येते. संरक्षणाच्या दृष्टीने या भागाची छायाचित्रे घेण्यास मनाई असते. ती आपण कटाक्षाने पाळावी. या गोदीचा इतिहास मोठा आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या कुशल पारशी सुताराला जहाजे बांधण्यासाठी मुंबईस आणले. पुढे पिढ्यानुपिढ्या वाडिया घराण्याने येथे जहाजे बांधली. युरोपातील दीर्घ युद्धांमुळे इंग्लंडमध्ये ओक वृक्षाचे चांगले लाकूड दुर्मीळ झाले होते, तेव्हा आपल्याकडील सागवानाची जहाजे अधिक टिकाऊ ठरली. १८१३ साली येथे बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर १८४२ मध्ये इंग्रज आणि चीन यांच्यात नानकिंगचा तह झाला. १८१७ साली येथून पाण्यात लोटलेली ‘ट्रिंकोमाली’ ही नौका तर आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे. दोनशे वर्षे लोटली, तरी मुंबईच्या कारागिरांनी बसवलेले सांधे टिकून राहिले आहेत. ही जहाजे परकीयांच्या मालकीची होती हे खरे. पण ती घडवणारे हात आपले होते.

याच बंदराने आणखी एक थरारक प्रसंग पाहिला आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरील शिक्षणकेंद्रातील भारतीय नौसैनिकांनी निकृष्ट अन्न आणि अपमानाची वागणूक यांविरुद्ध काम बंद केले. हा वणवा बंदरात नांगरलेल्या जहाजांपर्यंत पोचला. जहाजांवरील ब्रिटिश निशाणे उतरली आणि त्यांच्या जागी काँग्रेस, मुस्लीम लीग आणि कम्युनिस्ट पक्ष यांचे झेंडे एकत्र फडकले. शहरातील कामगारांनी हरताळ पाळला. गोळीबारात अनेकांनी प्राण गमावले. राष्ट्रीय नेत्यांच्या सल्ल्यावरून २३ फेब्रुवारीस नौसैनिकांनी लढा थांबवला. ज्या फौजेच्या बळावर राज्य करावयाचे, ती फौजच आपली राहिली नाही, हे त्या आठवड्यात सत्ताधाऱ्यांना कळून चुकले. त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी ती शेवटची पलटण कमानीखालून निघून गेली.

आता लाँच बंदराच्या मध्याकडे येते. येथे एक प्रश्न मनाला विचारून पाहावा. शहराच्या पश्चिमेस ज्या समुद्राच्या लाटा गर्जत असतात, तोच समुद्र येथे इतका शांत कसा? त्याचे उत्तर भोवताली पाहिले की मिळते. पश्चिमेस मुंबईचे बेट आडवे पडलेले आहे; दक्षिणेकडे कुलाब्याचे टोक लांबवर गेलेले आहे; पूर्वेस उरण आणि पनवेलकडील कोकणची भूमी आहे. या दोहोंच्या मध्ये सापडलेले हे विस्तीर्ण, खोल पाणी जणू ओंजळीत धरल्यासारखे सुरक्षित आहे. उघड्या समुद्राचा वारा आणि लाटा बेटाच्या पाठीवर आदळतात आणि जहाजे त्याच्या कुशीत निर्धास्त विसावतात. बंदर हा शब्द आपण सहज उच्चारतो. पण त्याचा खरा अर्थ आश्रय हा आहे. पोर्तुगीजांकडून आंदणात मिळालेली ही बेटे इंग्लंडच्या राजाने १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. त्या वेळी येथे कोळीवाडे, मिठागरे, भातशेती आणि नारळीच्या बागा होत्या. असे असूनही कंपनीचे व्यापारी सुरत सोडून येथे का आले, याचे एक मोठे कारण हे शांत आणि खोल पाणी होय. १८५३ मध्ये आगगाडी आली, १८६३ मध्ये ती बोरघाट चढून गेली, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि दख्खनच्या काळ्या मातीतील कापूस या बंदरातून जगभर जाऊ लागला. मुंबईचे मोठेपण उंच इमारतींत दिसते. ते आले मात्र या पाण्यावरून.

भोवताली लहानमोठी बेटे दिसतात. जवळच मिडल ग्राउंड नावाचे दगडी तटबंदीचे चिमुकले बेट आहे. ते नौदलाच्या ताब्यात आहे. पलीकडे जवाहर द्वीप आहे. तेथे खनिज तेलाची जहाजे रिकामी होतात. त्याही पलीकडे हिरव्या टेकड्यांचे घारापुरी बेट धूसर दिसते. तेथील लेण्यांतील त्रिमूर्ती जगप्रसिद्ध आहे आणि १९८७ पासून ती लेणी जागतिक वारशात गणली जातात. तथापि, या बेटावरील गावांत समुद्राच्या तळातून टाकलेल्या तारेने कायमची वीज पोचावयास २०१८ साल उजाडावे लागले. समोर झगमगणारे महानगर आणि इकडे सूर्यास्तानंतरचा काळोख, असे दृश्य तेथील लोकांनी सत्तर वर्षे पाहिले. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेकडे पाण्यावर एक लांबच लांब रेघ दिसते. ती १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या अटल सेतूची. शिवडीपासून न्हावा-शेव्यापर्यंतच्या या सेतूची लांबी सुमारे २२ किलोमीटर आहे. पूर्वेच्या क्षितिजावरील उंच याऱ्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदरातून लोखंडी पेट्यांत भरलेला माल देशोदेशी जातो. सांगली जिल्ह्यातील निर्यातीची द्राक्षेही थंड पेट्यांत बसून येथूनच परदेशची वाट धरतात. आमच्या माळरानावरील वेलीचा आणि या खाऱ्या पाण्याचा संबंध असा आहे.

सांगली जिल्ह्याचा उल्लेख सहज आलेला नाही. माझी सारी नोकरी त्या जिल्ह्यातील जत तालुक्यात, मुलांना मराठी शिकवण्यात गेली. जत येथून मुंबई चारशे किलोमीटरांहून अधिक दूर. विहिरीत पोहरा सोडल्यावर दोर किती लागतो, यावरून उन्हाळा मोजणारी आमची माणसे. एकदा शाळेच्या सहलीत आम्ही या लाँचमध्ये बसलो होतो. थंडीचे दिवस होते आणि लाँचच्या मागून कुरव पक्ष्यांचा थवा उडत होता. इतर मुले पक्षी पाहण्यात दंग असताना एका मुलाने तोंडावर उडालेले तुषार जिभेने चाटून पाहिले, तोंड वाईट केले आणि मला विचारले, “सर, हितं एवढं पाणी हाय, मग आपल्याकडं टँकर का लागतोय?”

हा प्रश्न बालिश नव्हता. दुष्काळी मुलखातील मुलाने समुद्र पाहिल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा, हे स्वाभाविक होते. त्याचे उत्तर असे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून ते पिण्यास किंवा शेतीस चालत नाही. परंतु सूर्य आपल्या उष्णतेने या पाण्याची वाफ करतो आणि क्षार मागेच ठेवतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारे वारे ही वाफ घेऊन किनाऱ्यावर येतात. वाटेत सह्याद्रीची भिंत उभी असते. ती ओलांडण्यासाठी वारे वर चढतात, थंड होतात आणि आपला बहुतेक भार घाटमाथ्यावरच टाकून देतात. म्हणून मुंबईला वर्षाकाठी २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, महाबळेश्वरला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पडतो आणि सह्याद्रीच्या पूर्वेस दूर असलेल्या जतला सुमारे ५०० मिलिमीटरांवर समाधान मानावे लागते. अशा प्रदेशाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. छाया हा शब्द एरवी सुखाचा आहे. येथे मात्र तो तहानेचा आहे.

त्या मुलाला मी आणखी एक गोष्ट सांगितली. कृष्णा नदी महाबळेश्वरी उगम पावते, तेथून अरबी समुद्र अवघा ६४ किलोमीटर दूर आहे. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस वळते आणि सुमारे १,४०० किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. जतच्या माळावर पडलेले पावसाचे पाणीही कृष्णेच्या खोऱ्यातून तिकडेच जाते. म्हणजे आम्हाला पाऊस देतो एक समुद्र आणि उरलेले पाणी मिळते दुसऱ्या समुद्राला. मधल्या वाटेवर ते पाणी जेवढे अडवावे, जिरवावे आणि उचलावे, तेवढेच आपले. बांध, पाझर तलाव आणि नालाबंडिंग यांची कामे का करावयाची, आणि म्हैसाळ उपसा योजनेने कृष्णेचे पाणी तालुक्याच्या काही भागांत पोचले तेव्हा लोकांनी त्याची पूजा का केली, हे या हिशेबावरून उमगते. समुद्र आपल्या वाट्याचे पाणी घरपोच देत नाही. तो ते आभाळात ठेवतो. खाली आल्यावर ते सांभाळणे आपले काम आहे. तो मुलगा काही वेळ गप्प बसून पश्चिमेकडे पाहत राहिला. ढग तिकडून येतात, एवढे त्याला त्या दिवशी पाठ न करता समजले.

समुद्र दाता आहे, तसाच तो कठोर परीक्षकही आहे, हे विसरता कामा नये. १७ जुलै १९४७ रोजी, देश स्वतंत्र होण्यास महिनाही उरला नसताना, ‘रामदास’ ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. ऐन पावसाळ्याचे दिवस होते. दीपअमावास्येच्या निमित्ताने कोकणातील आपापल्या घरी निघालेल्या माणसांनी ती गच्च भरली होती. खवळलेल्या समुद्रात लाटांच्या तडाख्याने बोट एका अंगावर कलंडली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसांना जलसमाधी मिळाली. आज पावसाळ्यात गेटवेकडील प्रवासी लाँच बंद ठेवल्या जातात आणि बोटीत किती माणसे घ्यावयाची याची मर्यादा ठरवलेली असते. असे नियम कोणाच्या लहरीखातर होत नाहीत. त्यांच्यामागे बुडालेल्या माणसांची आठवण असते.

दुर्घटना केवळ पावसाळ्यात आणि जुन्या काळातच घडतात असेही नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी, समुद्र शांत असताना, गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या लाँचवर नौदलाची एक वेगवान बोट येऊन आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. पंधरा जणांचे प्राण गेले. लाँचवर शंभराहून अधिक माणसे होती. नौदल, तटरक्षक दल, बंदराची पायलट नौका आणि आसपासच्या बोटी तत्काळ धावून गेल्या, म्हणून बहुतेकांचे प्राण वाचले. या घटनेनंतर प्रवाशांना लाइफ जॅकेट घालणे सक्तीचे करण्यात आले. समुद्र शांत आहे, फेरी लहान आहे, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे, असे म्हणून जॅकेट काढून बाजूस ठेवणारे प्रवासी आजही आढळतात. संकट येते तेव्हा ते फेरी लहान की मोठी हे विचारीत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही केव्हातरी अशा फेरीस जाल. त्या वेळी काही गोष्टी ध्यानात ठेवा. लाइफ जॅकेटचे बंद नीट बांधा. लाँच सुरू असताना उभे राहू नका. एखादे मोठे जहाज जवळून गेले आणि सर्वांना ते पाहावेसे वाटले, तरी एकाच बाजूस धाव घेऊ नका. पाण्यावर तरंगणारी वस्तू वजनाच्या समतोलावर उभी असते आणि तो समतोल तुमच्याच हाती असतो. कुरव पक्ष्यांना गाठ्या किंवा शेव टाकू नका. ते मासे खाऊन जगणारे पक्षी आहेत आणि तळलेले खाणे त्यांना हितकर नसते. प्लॅस्टिकची पिशवी वा बाटली पाण्यात टाकू नका. भरतीचे पाणी ती पुन्हा कोणाच्या तरी दारात आणून टाकील, आणि ते दार बहुधा कोळ्याचे असेल. हे नियम पाळावयास बुद्धी फारशी लागत नाही. दुसऱ्याच्या जिवाची कदर मात्र लागते.

लाँच वळसा घेऊन परत फिरते, तेव्हा शहर पुन्हा जवळ येऊ लागते. आधी उंच इमारतींची टोके, मग ताजचा घुमट, मग कमान, मग धक्क्यावरील माणसे आणि शेवटी त्या शेवाळलेल्या पायऱ्या. पाण्याची पातळी तेवढ्या वेळात एखाद्या पायरीने बदललेलीही असते. प्रवाशांपैकी कोणी घड्याळ पाहतो, कोणी पुढल्या गाडीचा विचार करतो. सारंग मात्र अजून समोर पाहत असतो; दोर खुंटाला बांधला जाईपर्यंत त्याचे काम संपत नाही. आपण शहर पाहत होतो, तेवढा वेळ तो आपल्यासाठी पाणी पाहत होता. धक्क्यावर पाऊल ठेवताना खलाशी पुन्हा हात पुढे करतो. त्याचा तळवा दोराने घट्टे पडून खरखरीत झालेला असतो. तो हात घट्ट धरावा, आणि उतरल्यावर त्याचे आभार मानावयास विसरू नये.

स्वाध्याय

१. समुद्राची शोभा मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर दिसते, तर समुद्राचे काम तिच्या पूर्व किनाऱ्यावर चालते, असे लेखकाने का म्हटले आहे?

२. मुंबई बंदरातील पाणी शांत राहण्याची कारणे सांगा. पाठात वर्णन केलेल्या बेटांचा व किनाऱ्यांचा कच्चा नकाशा काढा.

३. जतच्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या शब्दांत आठ-दहा ओळींत लिहा.

४. ‘छाया हा शब्द एरवी सुखाचा आहे, येथे मात्र तो तहानेचा आहे.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

५. बोटीतील नियमांमागे बुडालेल्या माणसांची आठवण असते, हे विधान पाठातील उदाहरण देऊन पटवून द्या. तुमच्या गावातील असा एखादा नियम आणि त्यामागील कारण वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.

६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : निर्धास्त, कटाक्षाने, समतोल, आश्रय, उधाण.

७. तुमच्या गावात पडलेले पावसाचे पाणी कोणत्या ओढ्याला, कोणत्या नदीला आणि शेवटी कोणत्या समुद्राला मिळते, ते शोधून काढा.